अल्झायमर घरच्यांना समजावून सांगताना

डॉक्टरांनी 'अल्झायमर' असं सांगितलं की घरी गोळ्यांची चिठ्ठी येते आणि पुष्कळदा सोबत एक पुस्तिकाही येते. गोळ्या सुरू होतात, पुस्तिका टीव्हीखालच्या खणात जाते. घरचे आळशी असतात म्हणून असं होत नाही. पुस्तिका मेंदूच्या चित्रापासून सुरू होते आणि घरच्यांचा प्रश्न असतो, "आई सुनेवर चोरीचा आळ का घेतेय?" शिवाय पुस्तिका इंग्रजीत असली तर दिवसभर सांभाळणाऱ्या बाईला ती वाचायची ना सवड असते ना सवय, ज्याला वाचता येते तो मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो.

कुटुंबांसाठी माहिती-बैठका घेताना जी पद्धत बसत गेली ती इथे लिहितो आहोत. माहिती आजाराच्या पुस्तकी क्रमाने देऊ नये. घरात रोज जे घडतंय त्यापासून सुरुवात करावी, आणि एका माणसाला एका वेळी तेवढीच माहिती द्यावी जेवढीचा त्याला दुसऱ्या दिवशी उपयोग करता येईल.

आधी फाइल

बैठक ठरण्यापूर्वी आम्ही रिपोर्टची फाइल मागवून घेतो, कारण पहिले गैरसमज तिथेच असतात. एमआरआयच्या शेवटच्या ओळीत 'वयानुरूप आकुंचन' अशा अर्थाचं काही छापलेलं असतं आणि घरातलं कोणीतरी त्यावर बोट ठेवून म्हणतं, "बघा, वयाचंच आहे." एमआरआय मुख्यतः दुसरी कारणं वगळण्यासाठी काढतात: पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, गाठ, छोट्या-छोट्या पक्षाघातांच्या खुणा, मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये तुंबलेलं पाणी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणी साठवणारा भाग आकसलेला दिसला तर निदानाला बळ मिळतं, पण साधा एमआरआय एकटा काही ठरवत नाही. किती महिन्यांत काय बदललं, रोजची कोणती कामं सुटली आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत काय दिसलं, हे सगळं मिळून निदान होतं.

रक्ताच्या तपासण्यांत बी-१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत यांचे आकडे आहेत का तेही पाहतो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते, आणि ती किंवा मंदावलेलं थायरॉइड माणसाला विसराळू, सुस्त करू शकतं. नैराश्यही अगदी स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. यातलं काही तपासायचं राहिलं असेल तर आधी डॉक्टरांकडे परत पाठवतो, बैठक नंतर.

दुसरा गैरसमज गुणांचा. तीस गुणांच्या चाचणीत मागच्या वेळी २२ होते, आता १९ आले, की घरात शिकवणी सुरू होते. सकाळी चहाबरोबर "आज वार कोणता? महिना कोणता? पंतप्रधान कोण?" घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण यातून दोन तोटे होतात. पेशंटचा दिवस अपमानाने सुरू होतो, आणि पढवलेल्या उत्तरांमुळे पुढच्या चाचणीचा आकडा डॉक्टरांना फसवतो. वार-तारीख कळावी असं वाटत असेल तर मोठ्या आकड्यांची कालनिर्णयासारखी दिनदर्शिका नजरेसमोर लावावी, झालेल्या दिवसावर काट मारावी आणि बोलण्याच्या ओघात स्वतःच सांगून टाकावं: "आज गुरुवार, आज दत्ताच्या देवळात जायचं ना?"

बैठकीला कोण

दिवसभर जो सांभाळतो तो, पैशांचे निर्णय जो घेतो तो, लांब राहणारी भावंडं व्हिडिओ कॉलवर, आणि आया किंवा बाई ठेवली असेल तर तीही. फक्त सून आली तर बैठक घेऊच नये, इतकं आमचं मत आता पक्कं झालं आहे. सगळं ऐकून ती घरी जाते आणि "आईंशी वाद घालू नका" हे तिने नवऱ्याला किंवा नणंदेला सांगितलं की ते ज्ञान राहत नाही, ती तिची तक्रार होते.

आजार सुरुवातीचा असेल तर ज्याला आजार आहे त्याला या बोलण्यातून वगळू नये. त्याला कळत असतं, भीतीही वाटत असते, आणि सही करण्याजोगे निर्णय त्याच काळात घेता येतात. त्याच्याशी बोलायचं ते वेगळ्या वेळी, डॉक्टर किंवा विश्वासातलं एखादं माणूस घेऊन, त्याला जेवढं विचारावंसं वाटतं तेवढंच. पुढच्या अवस्थेत मात्र पेशंटसमोर पेशंटबद्दल चर्चा करायची नाही. शब्द समजले नाहीत तरी आपल्याबद्दल काहीतरी नाराजीने बोलणं चाललंय हे बराच काळ समजत राहतं.

एका बैठकीला तास पुरे. त्यापुढे ऐकलेलं राहत नाही. पहिल्या बैठकीत शेवटच्या अवस्थेचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवत नाही. ते पाहून घरचे घाबरतात आणि उरलेल्या तासात काहीच ऐकू येत नाही.

चहाचा कागद

सुरुवातीला प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि सांगतो, ज्याने कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही त्याच्यासाठी दोन कप चहाची कृती लिहा. बहुतेकांचे पाच-सहा टप्पे होतात: पाणी ठेवा, साखर-पावडर टाका, उकळा, दूध घाला, गाळा. मग आमच्यापैकी एकजण ती कृती शब्दशः वाचत प्रश्न विचारतो. कशात ठेवू? ते पातेलं कुठल्या फडताळात? किती पाणी? नळ कुठल्या बाजूला फिरवू? लायटर आधी की बटण आधी? गॅस किती मोठा? उकळलं हे कशावरून ओळखू? गाळणं कुठे? कप आधी मांडायचे की नंतर? गॅस बंद कधी? टप्पे बघता बघता वीसच्या पुढे जातात.

तेव्हा सांगतो की ही साखळी मनात धरून ठेवणं, कुठवर आलो ते ध्यानात ठेवणं आणि मध्ये फोन वाजला तरी परत त्याच ठिकाणी येणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे, आणि या आजारात ती साखळी मधूनच तुटते. पन्नास वर्षं चहा केलेली बाई पातेलं हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहते ती यामुळे. "तिला आता कामाचा कंटाळा आलाय" हे वाक्य या कागदानंतर सहसा ऐकू येत नाही.

पाठोपाठ उपयोगाची गोष्ट: साखळी तुटली तरी सुटे दुवे शाबूत असतात. गॅस दुसऱ्याने पेटवावा. आलं ठेचणं, साखर घालणं, कप मांडणं तिच्याकडेच ठेवावं. मटार सोलणं, लसूण निवडणं, कपड्यांच्या घड्या हे हातांना आठवत राहतं. अख्खं स्वयंपाकघर एका दिवसात काढून घेतलं की ती घरभर फिरत राहते आणि मग "सारखी मागे-मागे येते" ही नवी तक्रार सुरू होते. सुरक्षिततेसाठी रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा; पाइपगॅस असेल तर ओट्याखालची मुख्य कळ.

मग मेंदू

यानंतर मेंदूचं चित्र काढलं तर लोक लक्ष देऊन बघतात. कानाच्या पातळीवर, आत खोलवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नवीन घडलेलं साठवणीत घालण्याचं काम त्याच्याकडे. अल्झायमर बहुधा इथून सुरू होतो. म्हणून लग्नातलं जेवण आठवतं आणि आज सकाळचं आठवत नाही. डायरीत नोंदच झाली नसेल तर पान कितीही उलटलं तरी काय सापडणार? "आठव ना, आत्ताच तर सांगितलं" हे म्हणून काही निघत नाही ते यासाठी. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात, आणि हे पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चाललेलं असू शकतं. त्यामुळे "बाबा गेल्यावर धक्का बसला म्हणून झालं" किंवा "फ्लॅट बदलला म्हणून झालं" हा घरातला जुना वाद इथे थांबवता येतो. अशा घटनांमुळे झाकलेलं उघड्यावर येतं. आजार त्यांनी सुरू केलेला नसतो.

"साठी बुद्धी नाठी, त्यात काय एवढं?" असं म्हणणारे एखादे काका बैठकीत असतातच. त्यांना या आजाराची पहिली नोंद झालेल्या पेशंटबद्दल सांगतो. आउगुस्टे डेटर ही जर्मन बाई १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६मध्ये ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत ते थर आणि त्या गाठी मांडल्या. म्हणजे हा म्हातारपणाचा भाग नाही. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्यांचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. बाकीच्या नव्वदहून अधिक टक्क्यांना वय झालं तरी हा आजार नाही, हेही त्याच आकड्यातून दाखवता येतं.

आणि डेटरबाईंची सुरुवातीची लक्षणं नुसत्या विसरण्याची नव्हती. त्या नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या होत्या. हे ऐकलं की सुनेची मान वर होते.

पाटल्या कोणी घेतल्या

बैठकीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो, कारण घरं इथे फुटतात. घडतं ते असं: आजी पाटल्या चोरापासून जपायच्या म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवतात. ठेवल्याची नोंद डोक्यात होत नाही. दुपारी हात मोकळा दिसतो, खण रिकामा दिसतो. पाटल्या होत्या हे पक्कं आठवतं, ठेवल्याचं आठवत नाही; मग उरतं एकच, कोणीतरी घेतल्या. आणि घरात दिवसभर वावरणारं माणूस एकच असतं. म्हणून आळ येतो तो नेहमी सर्वांत जास्त करणाऱ्यावर. लांबच्या मुलीवर येत नाही, कारण ती खोलीत नसते. एवढं कारण नणंद-भावजय दोघींसमोर, दोघींना एकाच वेळी समजावून सांगावं.

मग काय बोलायचं याचा सराव करून घेतो, मोठ्याने. "मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?" हे वाक्य बंद, कारण ते भांडणाचं निमंत्रण ठरतं. "तुम्हीच ठेवल्या असतील कुठेतरी" हेही बंद. त्याऐवजी: "पाटल्या दिसत नाहीत? अगंबाई, चला, आपण शोधू या." आधी काळजी मान्य करायची, मग सोबत उठायचं. इथे एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे: सुनेने स्वतः जाऊन पटकन डब्यातून पाटल्या काढून दिल्या तर "बघा, हिनेच ठेवल्या होत्या" हे ठरलेलं. आजींना फक्त डब्यापर्यंत न्यावं, "इथे बघू या का?" म्हणावं आणि आजींच्याच हाताला पाटल्या लागू द्याव्यात.

नेहमीच्या जागांची यादी फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी: डाळ-तांदळाचे डबे, उशीचा अभ्रा, गोधड्यांच्या घड्या, देवघराचा खण, जुन्या पर्स, ब्लाउजमध्ये खोचलेला रुमाल. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवण्यापूर्वी चाचपायची. कवळी आणि श्रवणयंत्र तिथेच जातं. खरं सोनं भावंडांनी मिळून यादी करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन लॉकरमध्ये ठेवायचं आणि तशाच दिसणाऱ्या बेंटेक्सच्या पाटल्या हातात राहू द्यायच्या.

कागद कसा लिहावा

बैठकीनंतर घरी जाणारा कागद एका विषयावरचा आणि एका पानाचा असावा. अक्षर मोठं, १६ पॉइंटच्या खाली नको, कारण बहुतेक वेळा वाचणारा नवरा किंवा बायको स्वतः सत्तरीची असते. वाक्यात क्रियापद करता येण्याजोगं हवं. 'प्रेमाने वागा', 'धीर धरा' असं लिहिलेलं वाचून थकलेल्या माणसाला फक्त अपराधी वाटतं. त्याऐवजी आम्ही लिहितो: समोरून या. नावाने किंवा नात्याने हाक मारा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. तेच पुन्हा सांगायचं तर शब्द बदलू नका; शब्द बदलले की त्यांना नवीन प्रश्न वाटतो.

अंघोळीच्या पानावर आम्ही सर्वांत जास्त वेळ खर्च केला आहे. अंघोळीला नकार येण्याची कारणं निरनिराळी असतात आणि उपाय कारणावर अवलंबून आहे. थंडी वाजते म्हणून नकार असेल तर खिडकी बंद करून गरम पाण्याची वाफ आधी होऊ द्यावी. लाज वाटत असेल तर खांद्यावर पंचा किंवा जुनी साडी राहू द्यावी आणि तिच्या आतून अंग धुवावं. डोक्यावरून अचानक पाणी पडल्याची भीती असेल तर शॉवर बंद. आयुष्यभर बादली-तांब्याने अंघोळ केलेल्या माणसाला शॉवर म्हणजे हल्ला वाटतो. तांब्या त्यांच्याच हातात द्यावा, पहिलं पाणी पायावर. आरशात अनोळखी माणूस दिसत असेल तर आरशावर टॉवेल. पाटावरून उठताना पडायला होतं, म्हणून रबरी बुडाचं स्टूल किंवा खुर्ची. आतली कडी काढून टाकायची. पाणी आपल्या कोपराने तपासायचं. साबण नेहमीचाच, नवा सुगंध नको. आणि इतकं करूनही नाही म्हणाल्या तर त्या दिवशी ओल्या पंचाने पुसून घ्या. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला नियम आहे, त्यांची गरज नव्हे.

"मला घरी जायचंय" याचंही वेगळं पान आहे. बोलणारी व्यक्ती स्वतःच्याच घरात असते. "हेच तर तुमचं घर" असं पटवून देण्यात संध्याकाळ जाते. पानावर लिहिलेलं असतं: आधी लघवी, भूक, दुखणं, थंडी तपासा; दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावा; मग विचारा, "घरी कोण कोण असायचं?" कोकणातल्या अंगणाच्या गोष्टी निघतात आणि पुष्कळदा तेवढ्याने पाय शांत होतात.

बैठक संपताना "समजलं का?" असं विचारत नाही; त्याला सगळे हो म्हणतात. विचारतो, "आज रात्री त्यांनी पाचव्यांदा 'हे कधी येणार' असं विचारलं, आणि 'हे' वारून सहा वर्षं झालीत, तर तुम्ही काय म्हणाल?" जो तो आपापल्या शब्दांत उत्तर देतो आणि तिथे कळतं कोणापर्यंत काय पोचलं. "ते गेले" हे प्रत्येक वेळी सांगितलं तर प्रत्येक वेळी तो नवा मृत्यू असतो. "आठवण येतेय ना त्यांची? त्यांना काय आवडायचं हो जेवायला?" असं कोणी म्हणालं की त्या माणसाला पुढचा कागद द्यायला हरकत नाही.

लांबची भावंडं आणि फॉरवर्ड

व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं आई छान बोलते. "जेवलीस का? तब्येत बरी आहे ना? मुलं कशी आहेत?" ही सभ्य, सवयीची वाक्यं या आजारात खूप उशिरापर्यंत टिकतात. पुण्यातली वहिनी रात्री दोनदा चादर बदलते आणि बॉस्टनमधला मुलगा म्हणतो, "माझ्याशी तर नॉर्मल बोलली." दोघंही खरं सांगत असतात. अशा मुलाला लेख पाठवून फरक पडत नाही. त्याला आठवडाभराची नोंदवही फोटो काढून पाठवावी, आणि कॉल संध्याकाळी सहा-सातला करायला सांगावं, त्या वेळी गोंधळ वाढलेला असतो. पुढच्या सुट्टीत एक पूर्ण आठवडा सगळं त्याच्यावर सोपवून वहिनीने माहेरी जावं. दूरच्या भावंडाला ठराविक काम दिलं की बोलणं बदलतं: औषधांची ऑनलाइन ऑर्डर, विम्याचे कागद, दर रविवारी दोन तास आईशी बोलून घरच्यांना मोकळं करणं.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी चांगलं साहित्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट हा केअरगिव्हरसाठीचा मोफत अभ्यासक्रम २०१९पासून उपलब्ध आहे. त्याचे पाच भाग आहेत: आजार म्हणजे काय, केअरगिव्हर होणं, स्वतःची काळजी, रोजची शुश्रूषा, वागण्यातले बदल. वाचणाऱ्या मुलाला आम्ही सांगतो, पहिल्यापासून वाचू नकोस. चौथा आणि पाचवा भाग आधी वाच आणि त्यातली एकेक गोष्ट मराठीत व्हॉइस मेसेज करून घरी पाठव, दोन मिनिटांच्या आत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२पासून काम करते आहे, तिच्या शाखांमधून आधारगट चालतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी छापतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर खोबरेल तेल, बदाम, शंखपुष्पी, शब्दकोडी असं काय काय येतं. पाठवणाऱ्या मावशींचा अपमान न करता तीन प्रश्न विचारायचे: हे कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि 'बरं होईल' असं सांगून पैसे मागितलेत का. कुठलाही काढा सुरू करायचा तर डॉक्टरांना सांगून. नव्या इंजेक्शनची बातमीही येते. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड काढतं, ऱ्हास काहीसा मंद करतं, गेलेली स्मृती परत आणत नाही. फक्त सुरुवातीच्या अवस्थेत देतात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला वरचेवर एमआरआय करावे लागतात. मधल्या अवस्थेतल्या आईसाठी ते नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगणं हीच मदत आहे.

गोळ्या

"तीन महिने दिल्या, काही फरक नाही, बंद केल्या." हे फार ऐकू येतं. डोनेपेझिल ही या आजारात नेहमी दिली जाणारी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि चार ते सहा आठवड्यांनी १०वर नेतात. उतार थोडा काळ मंद व्हावा एवढीच अपेक्षा असते. सुधारणा दिसली नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. मनाने अचानक बंद केल्यावर पेशंट खालावू शकतो. मळमळ, जुलाब, वजन घटणं, भयंकर स्वप्नं, नाडी मंद होऊन चक्कर, यातलं काही दिसलं तर मात्र थांबून न राहता डॉक्टरांना फोन करावा. रिव्हास्टिग्मिन हे याच आजाराचं औषध कातडीवर चिकटवायच्या पट्टीतूनही देतात; त्यात नेहमीची चूक ही, की पाठीवरची जुनी पट्टी तशीच राहते आणि आया नवी लावते. दोन पट्ट्यांचा डोस अंगात जाऊन उलट्या होतात, ठोके मंदावतात. आधी जुनी काढायची, मग नवी, रोज वेगळ्या जागी, आणि त्याच जागेवर चौदा दिवस नाही. कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत जागा लिहून ठेवावी. दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्या गोंधळ वाढवतात, त्या घरात ठेवूच नयेत.

नोंदवही आणि लाल ओळ

साधी शंभर पानी वही, चार रकाने: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, काय घडलं, आपण काय केलं. आठवड्याने बघितलं की कारण दिसतं. चारच्या सुमारास रोज चिडचिड होते आणि शौचाला झाल्याची तीन दिवस नोंदच नाही. किंवा बाईची पाळी बदलते त्याच वेळी आरडाओरडा. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत एक ओळ लिहायला लावतो: काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक खूप गोंधळ किंवा सुस्ती आली तर तो अल्झायमर वाढला असं समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया, नवं औषध यातलं काहीतरी असतं, आणि ते बहुतेक वेळा बरं होतं.

आयाला वही भरता येत नसेल तर तिने व्हॉइस मेसेज पाठवावा. कामाला ठेवतानाच तिला सांगावं की आजी चोरीचा आळ घेतील आणि आम्ही तो खरा धरणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर चांगली बाई आठवड्यात सोडून जाते. नातवंडांना तीन वाक्यं पुरतात: आजी तुझ्यावर रागावलेली नाही, हा आजार सर्दीसारखा लागत नाही, तुझं नाव विसरली तरी तू जवळ बसलास की तिला बरं वाटतं. त्यांना काम द्यावं, फोटोंखाली मोठ्या अक्षरांत नावं लिहिण्याचं, किंवा आजीबरोबर आरत्या आणि पाढे म्हणण्याचं. मुलाचं नाव सुटलेल्या आजी निमकीचा (अर्ध्याचा) पाढा धडाधड म्हणतात तेव्हा सगळं घर ऐकत राहतं.

शेजाऱ्यांपासून लपवू नये. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पुष्कळ जण लपवतात. वॉचमन, वाणी आणि रिक्षास्टँडवरच्यांकडे फोटो आणि फोन नंबर असला तर वाट चुकलेले अप्पा कोपऱ्यावर सापडतात. कपड्यांना आतून नंबर शिवून ठेवावा. हरवल्याचं कळताच ११२ला फोन करावा. चोवीस तास थांबायचं नसतं. "आम्हालाही होईल का?" हे मुलं बैठक संपल्यावर जिन्यात विचारतात. थेट आईकडून मुलाकडे जाणारी जनुकं फार थोड्या घरांत असतात आणि तिथे आजार बहुधा साठीच्या आतच दिसतो. बाकीच्यांची जोखीम थोडी वाढते एवढंच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले, आणि ते सगळे टळले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा अंदाज दिला. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणं, तंबाखू, एकटेपणा. कानाचं यंत्र घ्यायला लाजणाऱ्या पंचावन्नच्या मुलाला हे आवर्जून सांगतो.

सहीचे कागद आणि पुढची पानं

मृत्युपत्र, खात्यावर दुसरं नाव, नॉमिनेशन, हे सुरुवातीच्या अवस्थेत, डॉक्टरांच्या सक्षमतेच्या दाखल्यासह करून घ्यावं. साधं मुखत्यारपत्र पुरेल असं बहुतेकांना वाटतं. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, आणि मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. जुन्या कररचनेत उपचारांच्या खर्चावर आयकरात वजावट मिळते (१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी), त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो. उपचारांबाबतचं इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येतं. तेही सही करणाऱ्याला समजतंय तोवरच.

दर सहा महिन्यांनी घरातले कागद बदलतो. स्वयंपाकघराचं पान काढून घेतो, गिळण्याचं पान देतो. जेवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्यावरच पुढचा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पेज, घट्ट ताक, खिमट. जेवण झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं.

आणि खाणं कमी होऊ लागण्याच्या आधी नाकातल्या किंवा पोटातल्या नळीबद्दल बोलायला लावतो. या आजाराच्या अखेरच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. हाताने, जेवढं घेतील तेवढं, सावकाश भरवणं हाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. "उपाशी मारलं" असं कोणी कोणाला पुढे म्हणू नये यासाठी सगळ्या भावंडांनी हा निर्णय एकत्र बसून, आईने आधी काही सांगून ठेवलं असेल तर ते आठवून घ्यावा, तारीख घालून लिहावा आणि डॉक्टरांना वाचून दाखवावा.